गप्पा पुसल्या, कागद राहिले

जिन्याखालच्या त्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एक टायपिंगबाईंची, एक ग्राहकाची. तिसरा माणूस आला तर त्यानं दारात उभं राहायचं. जिन्यावरून कोणी धावत उतरलं की सगळ्यांच्या डोक्यावर एकदम ढोल वाजे, आणि बाई मान वर न करता सांगत, "तिसऱ्या मजल्यावरचे. आज पुन्हा उशीर झालाय."

बाई एकसष्ट वर्षांच्या. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचं लिहून दिलं होतं. अर्ज, करारनामे, प्रबंध, भाऊबंदकीच्या नोटिसा, एकदा तर एकाच नवराबायकोची एकमेकांविरुद्धची दोन निवेदनं, एक सकाळी आणि एक दुपारी. सकाळी काय लिहिलं ते दुपारी कळू दिलं नाही. स्वतः लग्न केलं नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणत, "विचारणारे होते हो. पण त्यांचे नोकरीचे अर्ज मीच टाइप करायची. किती चुका असायच्या ते मला ठाऊक."

त्यांचा एक नियम होता. काम झालं की ग्राहकाचा मूळ कागद, कच्ची प्रत, चुकून फाडलेलं पान आणि वापरलेला कार्बनसुद्धा त्याच्या हातात द्यायचा. कार्बन उजेडात धरला की सगळं वाचता येतं. त्या नवीन होत्या आणि दुसऱ्याच्या टायपिंगच्या दुकानात शिकत होत्या, तेव्हा एका कारकुनाचा राजीनामा शिपायानं कचऱ्याच्या टोपलीतल्या कार्बनवरून वाचला होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या कचेरीत बातमी पसरली. त्या माणसाचा विचार दुपारी बदललाही होता, पण तोवर बदलायला जागा उरली नव्हती. तेव्हापासून बाईंच्या टोपलीत संत्र्याच्या सालींखेरीज काही सापडत नसे.

टायपिंगचं यंत्र गेलं, कॉम्प्युटर आला, तरी नियम तोच राहिला. आठ महिन्यांपूर्वी बाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तेव्हा भाचीनं त्यांच्या कॉम्प्युटरवर एक नवी सोय करून दिली. हातानं लिहिलेल्या पानाचा मोबाइलनं फोटो काढायचा, चढवायचा, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची एक सेवा तो वाचून टाइप करून देते. बाईंनी फक्त तपासायचं. त्या तिला "आतला" म्हणू लागल्या.

"अक्षर चांगलं ओळखतो," त्यांनी भाचीला सांगितलं, "पण जिथे कळत नाही तिथे अंदाज ठोकून देतो. कळलं नाही असं म्हणायला जिवावर येतं त्याच्या. पुरुषच असणार."

काम झालं की बाई कॉम्प्युटरचा पडदा ग्राहकाकडे वळवत, आतल्याशी झालेलं सगळं संभाषण त्याच्यादेखत पुसत आणि म्हणत, "गेलं." मोबाइलमधले फोटोही पुसत. ग्राहक मान डोलावून उठत. आठ महिने असं चाललं होतं.

घड्याळवाले आले ते एक वही पिशवीत गुंडाळून. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आयुष्यभर एका डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली, आणि नेमका तोच डोळा आता कामातून गेला होता. बायको जाऊन वर्ष झालं होतं. वही तिची. पेटीत, जुन्या अभ्र्यांच्या खाली सापडली होती.

"अकरा वर्षं लिहीत होती, आणि मला पत्ता नाही," ते म्हणाले. "बासष्ट पानं आहेत. अक्षर बघा. घड्याळातला स्क्रू यापेक्षा मोठा असतो. मला मोठ्या टायपात करून द्या. मला वाचायचंय तिनं काय लिहिलंय."

"घरी कोणी वाचून दाखवलं असतं की. धाकटी सून आहे ना तुमच्याजवळ?"

"आहे. पण भिंग लावून पहिल्या पानावरच्या दोन ओळी वाचल्या मी." त्यांनी आवाज उतरवला. "पहिल्या पानावर धाकटीच आहे."

बाईंनी वही मिटली.

"ती माझ्या डोळ्यात दिवसातून चारदा औषध घालते, बाई. मुलगा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. थोरली सून दुसऱ्या गावी. जे काही आहे ते धाकटीच्या हातात आहे. तिला यातलं अक्षरही कळता कामा नये."

"नाही कळणार," बाई म्हणाल्या. चाळीस वर्षं त्या हे म्हणत आल्या होत्या.

वही तपासायला तीन दिवस लागले. घड्याळवाल्यांच्या बायकोनं कोणालाच सोडलं नव्हतं. "थोरली फोनवर इतकं गोड बोलते की फोन ठेवल्यावर हात धुवावेसे वाटतात." "यांना जगातल्या सगळ्या घड्याळांची काळजी. जेवायला मात्र कधी वेळेवर बसले नाहीत." पण निम्मी वही धाकटीनं भरली होती. तिचं शिवण, तिचं झाडणं, तिचं दार लावणं. "धाकटी शिवणाची टीप अशी घालते की मुंगीसुद्धा रस्ता चुकेल." बाईंना हसू आवरेना. मग त्यांना घड्याळवाल्यांचा डोळा आठवला.

छापील प्रत, वही आणि पिशवी घड्याळवाल्यांच्या हातात देऊन बाईंनी नेहमीप्रमाणे पडदा वळवला आणि संभाषण पुसलं.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

अकराव्या दिवशी दुपारी धाकटीच दारात उभी.

धाकटी म्हणजे पस्तिशीची, चपळ, बोलायला लागली की दम न घेणारी बाई. घराच्या पुढच्या खोलीत शिवणवर्ग काढायचं तिनं ठरवलं होतं. दोन मशीनं आणली होती. आता पत्रक हवं होतं.

"काकू, झोकदार लिहा हं. पडदे, अभ्रे, लहान मुलांचे फ्रॉक. आणि तो तुमचा कोण आहे ना, त्यालाच लिहायला सांगा. बाबा म्हणत होते तो पटकन करतो."

बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. आपलं काम होताना ग्राहकाला दिसलं पाहिजे, हीही त्यांची सवयच. त्यांनी टाइप केलं की घड्याळवाल्यांची धाकटी सून घरी शिवणवर्ग सुरू करते आहे, छोटं पत्रक करून दे.

आतल्यानं पत्रक लगेच दिलं. चांगलं होतं. त्याच्याखाली आणखी दोन ओळी होत्या.

"तुमच्या साठवलेल्या फाइलींमध्ये धाकट्या सुनेच्या शिवणाविषयी काही उल्लेख आहेत. उदाहरणार्थ: 'धाकटी शिवणाची टीप अशी घालते की मुंगीसुद्धा रस्ता चुकेल.' यातलं काही पत्रकात वापरायचं का?"

बाईंनी पडद्यावर हात ठेवला. हात लहान होता आणि पडदा मोठा.

वरून कोणीतरी सावकाश जिना उतरत होतं. एकेक पायरी मोजता यावी इतकं सावकाश.

"मुंगी?" धाकटी म्हणाली.

"दुसऱ्याच्या कामातलं काहीतरी आलं गं. चुकून."

"हं." तिनं पर्स खांद्याला लावली. "पत्रक नंतर नेते." आणि ती गेली. जाताना दार तिनं अगदी हळू लावलं. बाईंना ते आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यांनी भाचीला फोन लावला. भाची ऑफिसात होती, पण आत्याचा आवाज ऐकून बाहेर आली.

"मी पुसलं होतं गं. त्यांच्यासमोर पुसलं होतं. तरी त्याला कसं आठवतंय?"

"काय पुसलंस?"

"सगळं. त्याच्याशी झालेलं बोलणं."

"आत्या, तू गप्पा पुसल्यास. कागद कुठे पुसलेस? बैठक उठली म्हणून कपाटातल्या फाइली जातात का? तू चढवलेला प्रत्येक फोटो त्यांच्या साठ्यात वेगळा राहतो. सेटिंगमध्ये जा. 'फाइली' लिहिलंय बघ. उघड."

बाईंनी उघडलं. पहिलं पान, दुसरं, तिसरं. यादी संपेना. चारशे त्र्याहत्तर. घड्याळवाल्यांची वही होती, पण तिच्यावर एका बाईंचा सोडचिठ्ठीचा मसुदा होता, खाली कुणाचे तरी रक्ताचे रिपोर्ट, दोन भावांचं वाटणीपत्र, एका मास्तरांनी मुलीला लिहिलेलं आणि कधीच न पाठवलेलं पत्र. आठ महिन्यांत या खुर्चीवर जे जे बसून गेले ते सगळे तिथे ओळीनं होते. प्रत्येकाला त्या "गेलं" म्हणाल्या होत्या.

"आत्या? आहेस ना?"

"आहे. कसं घालवायचं सांग."

"प्रत्येक फाइलीपुढे तीन टिंबं आहेत. त्यावर दाब, मग 'हटवा'. पण त्यानं ती नुसती त्यांच्या कचरापेटीत जाते. कचरापेटीत जाऊन पुन्हा 'कायमची हटवा'. एकेक करत बसावं लागेल. आणि एक सांगते, चिडू नकोस. तुझ्याकडून लगेच जाईल, आतल्याला पण दिसणार नाही. पण कंपनीच्या मशीनांवरून पुरतं जायला तीस दिवसांपर्यंत लागतात, असं त्यांनीच लिहिलंय."

"त्यांची पण टोपली आहे म्हणायची," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वहीपासून सुरुवात केली. टिंबं, हटवा, कचरापेटी, कायमची हटवा. प्रत्येक वेळी चौकट येई: "ही फाइल कायमची हटवली जाईल. ती परत आणता येणार नाही. नक्की?" बाई प्रत्येक वेळी ती चौकट पूर्ण वाचत, मग दाबत. न वाचता दाबल्यामुळेच हे झालं होतं.

चाळीस-पंचेचाळीस पानं गेली असतील. दार उघडलं. धाकटी. नाक्यापर्यंत जाऊन परत आली होती.

ती ग्राहकाच्या खुर्चीत बसली. "कोणाची वही आहे ती?"

"ज्यांनी दिली त्यांची."

"सासूबाईंची आहे. मुंगी रस्ता चुकते हे जगात दुसऱ्या कोणाला सुचणारच नाही. नवऱ्याच्या शर्टाची बाही उसवली होती, ती शिवली तेव्हा माझ्या तोंडावर म्हणाल्या होत्या."

"मग तुला ठाऊकच आहे की."

"तोंडावर म्हणालेलं ठाऊक आहे, काकू. तोंडावर माणूस रागात बोलून जातं. लिहायचं म्हणजे बसावं लागतं, पेन शोधावं लागतं. त्याचं टोपण काढेपर्यंत अर्धा राग जातो. तरीही लिहिलं, म्हणजे खरंच तसं वाटत होतं." तिनं पडद्याकडे बोट केलं. "ते पुसताय?"

"हो."

"मला एक पान दाखवा. एकच. तुम्ही निवडा. बरं असेल ते दाखवा नाहीतर वाईट असेल ते दाखवा."

पडद्यावर सत्तेचाळिसावं पान उघडं होतं. चौकट आलेली होती. बाईंना ते पान पाठ होतं. घड्याळवाल्यांची बायको दवाखान्यात होती तेव्हाचं. "धाकटी तीन रात्री बसून आहे. मला कण्हताही येत नाही. घरचं माणूस उशाशी बसलं की कण्हायचीही चोरी." याला बरं म्हणायचं की वाईट, ते बाईंना तीन दिवस तपासूनही ठरवता आलं नव्हतं. धाकटीनं वाचलं असतं तर कदाचित रडली असती, कदाचित बरं वाटून रडली असती. पडदा फक्त एक वीतभर वळवायचा होता.

बाईंनी दाबलं.

"दाबलंत?"

"दाबलं."

"मी इथे बसलेली असताना?"

"ज्याचा कागद आहे त्यानं द्यावा, बाळा. मी टायपिंगवाली. माझ्या डोळ्याखालून जातं, पण माझं नसतं."

धाकटी उठली. "अकरा दिवस तुमच्या त्या पेटीत पडून होतं, तेव्हा कोणाचं होतं मग?"

बाईंनी हात मागे घेतला. "ते माझं चुकलं," त्या म्हणाल्या. तोवर धाकटी दाराबाहेर होती. या वेळी दार आपटलं, पण त्यानं काही बरं वाटलं नाही.

त्यांनी घड्याळवाल्यांना फोन केला. आडवळण न घेता सगळं सांगितलं: काय पुसलं गेलं नव्हतं, कुठे राहिलं होतं, धाकटीनं काय वाचलं, काय नाही, आणि तीस दिवसांचंही.

पलीकडे त्यांनी खुर्ची ओढली. मागे दोनतीन घड्याळं चालल्याचं ऐकू येत होतं.

"कोणती ओळ वाचली म्हणालात?"

"मुंगीची."

"हां. त्यातल्या त्यात बरी आहे ती." मग म्हणाले, "तीस दिवस? दुरुस्तीचं घड्याळसुद्धा मी इतके दिवस ठेवायचो नाही." ते हसले नाहीत. "चार वाजता औषध आहे. बघू."

"मी येऊ का?"

"तुम्ही येऊन काय कराल? डोळा माझा आहे."

राहिलेल्या फाइली घालवायला बाईंना पुढचे दोन दिवस लागले. नवीन काम घेतलं नाही. मग ज्या ज्या ग्राहकांचा नंबर होता त्यांना एकेकाला फोन करून सांगितलं. एक वकील इतके ओरडले की बाईंनी फोन कानापासून लांब धरला. ते पुन्हा आले नाहीत. रक्ताच्या रिपोर्टवाल्या आजी म्हणाल्या, "अगं, त्यात काय, साखरच आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे." मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. नुसतं, "बरं. आता गेलं ना?" म्हणाले, आणि बाईंना तो शब्द तोंडातून काढायला पहिल्यांदाच कष्ट पडले. आता बाई फाइलींची यादी आणि कचरापेटी दोन्ही रिकाम्या करून, रिकामी पानं ग्राहकाला दाखवून मगच त्याला उठू देत. तीस दिवसांचं आधी सांगत. काहीजण त्यावर कागद परत घेऊन जात. बाई जाऊ देत.

सहाव्या दिवशी घड्याळवाले आले. बाईंनी आधी त्यांचे डोळे पाहिले. दोन्ही जागेवर होते.

"बसा. काय झालं?"

"चार वाजता आली. बाटली घेतली, डोळा उघडला, थेंब घातला. हात दगडासारखा स्थिर. मी म्हटलं, चला, वाचलो. मग झाकण लावून म्हणाली, 'बाबा, वही.'"

"मग?"

"खोटं बोलता आलं नाही हो. त्या क्षणी एक डोळा मिटलेला होता, दुसऱ्यातून पाणी. त्या अवस्थेत काय खोटं बोलणार? म्हटलं, आहे, टेबलाच्या खणात, घे. तर म्हणे, 'मी नाही वाचणार. तुम्ही वाचून दाखवा. तुम्ही लपवलीत, तुम्हीच वाचा.'"

"आणि वाचलंत?"

"रोज दोन पानं. स्वयंपाक झाला की. आठ पानं झाली. काल आठव्या पानावर जोरदार भांडण झालं."

"तुमचं दोघांचं?"

"माझा काय संबंध? त्या दोघींचं. एकीचं मी वाचायचं आणि दुसरीनं उत्तर द्यायचं. ही म्हणते, 'असं झालंच नव्हतं, पुढे वाचा.' पुढे आणखी वाईट असतं. मी नुसता निरोप्या." त्यांनी चष्मा पुसला. "आठव्या पानानंतर जेवली नाही ती. सकाळी मला चहा दिला, पण शब्द नाही. मला वाटलं, संपलं. औषधाच्या वेळी मात्र आली. आणि दुपारी म्हणाली, 'आज दोन नको, तीन पानं वाचा.'"

"आणि ती दवाखान्याची पानं येतील तेव्हा?" बाईंच्या तोंडून गेलं, आणि लगेच त्यांना वाटलं, आपण हे बोलायला नको होतं.

घड्याळवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "सांगू नका," ते म्हणाले. "मी पण अजून तिथवर पोचलो नाही. मी एकट्यानं पुढचं वाचायचं नाही, असं तिनं बजावलंय."

तीस दिवस भरले त्या सकाळी बाईंनी दुकान उघडल्या उघडल्या आतल्याला विचारलं, घड्याळवाल्यांच्या बायकोच्या वहीत काय आहे? त्यानं नम्रपणे सांगितलं की अशी कोणतीही फाइल आपल्याकडे नाही, हवी असल्यास चढवा. बाईंनी ते दोनदा वाचलं. कंपनीच्या आत जाऊन बघायची काही सोय नव्हती. एवढ्यावरच विश्वास ठेवायचा होता. मग त्यांनी तो प्रश्नही पुसला.

धाकटी त्यानंतर चारेक दिवसांनी आली. शिवणवर्ग सुरू झाला होता. पत्रक तिनं दुसरीकडून करून घेतलं होतं, आणि त्याची एक प्रत बाईंच्या टेबलावर ठेवली, मुद्दाम. बाईंनी ती वाचली. दोन चुका होत्या. त्यांनी ती घडी करून बाजूला ठेवली.

मग धाकटीनं पर्समधून तीन ताव काढले. दोन्ही बाजूंनी लिहिलेले, खाडाखोड केलेले, एका ठिकाणी पेन कागदातून आरपार गेलेलं.

"हे टाइप करा. मोठ्या अक्षरात. बाबांना वाचता आलं पाहिजे."

"वही संपली?"

"परवा. आता माझी पाळी."

बाईंनी पहिला ताव उजव्या डोळ्याजवळ धरला. वर लिहिलं होतं: "सासूबाईंस. पान पाचवं, निळी चादर. ती माझ्या हातून फाटली नव्हती. थोरलीनं फाडली आणि तुमच्या पलंगाखाली कोंबली. मी नऊ वर्षं गप्प बसले, कारण ती सुट्टीला चार दिवस आली होती आणि मला घरात शांतता हवी होती."

"आतल्याला देऊ, की हातानं करू?"

"हातानं किती दिवस लागतील?"

"डोळा असा. दोन तरी."

"हातानंच करा. मला घाई नाही. त्यांनाही नाही आता."

बाईंनी कागद टेबलावर सरळ केला. "थोरलीचं असंच ठेवू? चादरीचं?"

"ठेवा की."

"पुढेमागे ती आली इथे, आणि म्हणाली, मला दाखवा, तर?"

धाकटीनं जरा विचार केला. वरून कोणी दोन दोन पायऱ्या एकदम उतरलं आणि खोली हादरली.

"तर मला विचारा," ती म्हणाली. मग खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. "करा सुरू. जिथे अक्षर लागणार नाही तिथे मी वाचून सांगते."

बाईंनी वरच्या ओळीत "सासूबाईंस" टाइप केलं.